काळ्या पडद्यावरची स्लाइड

(टी. वाय. बी. कॉम.)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातल्या गोष्टींवर लेख लिहावा, हा थोडा आगाऊपणाच झाला. आमच्या वर्गात संगणक म्हणजे टॅली आणि बिले, त्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला घरी गेलो असताना अकरा स्लाइडांनी मला तीन रात्री जागवले. त्या जागरणात जे कळले, ते मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांचे नियतकालिक वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे चार शब्द.

प्रथम थोडे घरचे. वडील सुरतेत जेकार्ड लूमवर कारागीर आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे इतकी आहेत, की महानगरपालिका तेथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. मी अशाच शाळेत वाढलो. आई मात्र सीमाभागातली. तिच्यामुळे कन्नड बोलता आले आणि बारावीनंतर मामाकडे राहून मी आपल्या कॉलेजात आलो. सेमिनारसाठी आमचा चौघांचा गट झाला तेव्हा दोघे मराठी माध्यमातले आणि दोघे कन्नड माध्यमातले होते. विषय मीच सुचवला होता : ‘एका लहान लूम कारखान्याचा उत्पादनखर्च’. प्रत्येक स्लाइडवर वर मराठी आणि खाली कन्नड मजकूर. स्लाइडा गटातल्या इतरांनी करायच्या आणि भाषण मी लिहायचे, असे ठरले. निघायच्या दिवशी पेनड्राइव्ह हातात पडला. परतीची गाडी सेमिनारच्या आदल्या रात्री पोचणारी. म्हणजे भाषण सुरतेतच लिहून पुरे व्हायला हवे होते.

आणि घरी पोचलो त्याच दिवशी माझा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडला.

सुरतेची दिवाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. लाभपाचमेपर्यंत कापडबाजार बंद, कारखाने बंद, मोबाईल दुरुस्तीवालाही बंद. शेजारीपाजारी खानदेशात गावी गेलेले. वडिलांचा फोन बटणांचा. शेवटी वडिलांच्या ओळखीचे एक डिझाइनवाले काका आहेत, त्यांनी दुकानाची किल्ली दिली. हे काका साडीच्या किनारीची आणि बुट्ट्यांची नक्षी संगणकावर काढून जेकार्डसाठी तयार करून देतात. त्यांचे नवे यंत्र डिझाइनचे, त्याला हात लावायचा नाही. कोपऱ्यात एक जुने यंत्र होते, पूर्वी बिले करायचे. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या डिप्लोमावाल्या दादाने कधीकाळी लिनक्स बसवले होते. यंत्र सुरू झाले, पण खिडक्या, चित्रे, माउसचा बाण यांतले काही येईना. आला तो नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे. एका ओळीत ८० घरे, अशा २५ ओळी. दादा म्हणाला, ‘‘ग्राफिक्सचं बिघडलंय. आता याच्याकडून अक्षरं मिळतील, चित्र नाही.’’

या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात. ८० घरांचीही एक कुळकथा आहे. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तेथे नाही. भोकांच्या पत्त्यांचीच युक्ती पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या मोजणीयंत्रांत दिसते. १९२८ साली आय. बी. एम. कंपनीने आपल्या पत्त्यावर ८० स्तंभ ठेवले. संगणकाला पडदे आले तेव्हाही ८० हा आकडा टिकला. १९७८ च्या व्ही. टी. १०० या गाजलेल्या टर्मिनलवर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या. जेकार्डच्या दुकानात बसून मी ज्या पडद्याकडे पाहत होतो, तो अशा रीतीने जेकार्डचा दूरचा नातेवाईकच निघाला. असो.

माझी पहिली कल्पना साधी होती. चित्र दिसत नसेल तर न दिसो, मला मजकूर वाचायचा आहे. स्लाइडांची आजची फाइल ही खरे तर एक गाठोडे असते. ते झिप पद्धतीने बांधलेले असून सोडले की आत प्रत्येक स्लाइडची वेगळी फाइल सापडते. त्या फाइलीत खुणांच्या जंजाळात आपला मजकूर जसाच्या तसा असतो. दादाने दोन आज्ञांत गाठोडे सोडले आणि मजकूर पडद्यावर ओतला. पडदाभर नुसते चौकोन उमटले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. असला पडदा प्रत्येक अक्षराला एक घर देतो, घरे डावीकडून उजवीकडे भरतो आणि त्याच्या कपाटात अक्षरांचे साचे असतात २५६, फार तर ५१२. इंग्रजीचे यात भागते. आपले भागत नाही. ‘क्षि’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. पण युनिकोडच्या हिशेबात ते चार संकेत आहेत : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. शिवाय वेलांटी साठवली जाते शेवटी आणि काढायची असते सर्वांत आधी. रफार वर चढतो, उकार खाली उतरतो, जोडाक्षर दोघांचे मिळून तिसरेच रूप घेते. कन्नडात तर दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली जाऊन बसते. एक संकेत म्हणजे एक घर, या नियमात हे कोंबायचे कसे? साचे २५६ ऐवजी हजार केले तरी प्रश्न सुटत नाही, कारण अडचण साच्यांच्या संख्येची नसून मांडणीची आहे.

ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती आणि तिच्यावरचा मोठा उपाय पुण्यातूनच देशभर गेला. आय. आय. टी. कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. त्या काळी सगळेच काम काळ्या पडद्यावर चाले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी, कन्नड आणि इतर भारतीय लिप्या लिहिता-वाचता येत. प्रोग्रॅमला जोडाक्षर कशाशी खातात हे ठाऊक नसे. जुळवाजुळव कार्ड करी. १९९१ साली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. पुढे खिडक्यांचे संगणक आले, जुळवाजुळव त्यांच्या प्रणालीतच होऊ लागली आणि जिस्ट कार्डाची गरज सरली. पण साधा काळा पडदा जेथे होता तेथेच राहिला. काही नवे टर्मिनल प्रोग्रॅम, उदाहरणार्थ एमएलटर्म, भारतीय लिप्या बऱ्यापैकी मांडतात. परंतु ते सहसा खिडक्यांच्या आत चालतात, आणि माझ्यापुढच्या यंत्राला खिडक्याच नव्हत्या.

तेव्हा उलटा विचार करावा लागला. अक्षर अक्षर म्हणून दिसत नाही ना? मग त्याचे चित्र करू आणि ते चित्र अक्षरांनी काढू! इंग्रजीत स्लाइडा करणाऱ्यांना टर्मिनलवर स्लाइडचे चित्र पाहणे ही गंमत वाटत असेल, कारण त्यांना मजकूर तसाही वाचता येतो. मराठी-कन्नड वाचणाऱ्याला त्या पडद्यावर आपली लिपी पाहायची तर चित्र हाच रस्ता उरतो.

रस्त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला, स्लाइडांच्या फाइलीचे पीडीएफ करणे. लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम खिडकी न उघडताही चालतो. त्याला ‘हेडलेस’ म्हणजे बिनमुंडक्याचा प्रकार म्हणतात. फाइलीचे नाव आणि ‘पीडीएफ कर’ एवढी आज्ञा दिली की काम होते. थेट चित्र करायला सांगितले तर तो पहिल्याच स्लाइडचे करून थांबतो, म्हणून पीडीएफचा वळसा घ्यायचा. याच टप्प्यात अक्षरांची जुळवाजुळव होते, त्यामुळे यंत्रात देवनागरीचा आणि कन्नडचा फॉन्ट असणे अत्यावश्यक. आमच्या यंत्रात लोहित देवनागरी होता, कन्नड नव्हता. पहिल्या खेपेला मराठी नीट आणि खाली चौकोनांची रांग, असा प्रकार झाला. सुदैवाने इंटरनेटची तार चालू होती, दादाने कन्नड फॉन्ट उतरवून घेतला. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच हे साधते. आपल्याकडे अजून काही जण शिवाजी फॉन्टमध्ये मराठी आणि नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्नड टंकतात. तो मजकूर आतून इंग्रजीच अक्षरांचा असतो आणि नेमका तोच फॉन्ट नसला, की पडद्यावर निरर्थक इंग्रजी उमटते.

दुसरा टप्पा सोपा. पीडीएफच्या प्रत्येक पानाचे चित्र करायचे. पॉपलर या संचातला पीडीएफटूपीपीएम हा प्रोग्रॅम ते करतो. इंचाला किती ठिपके हवेत हे सांगायचे. ९६ सांगितले तर नेहमीच्या रुंद स्लाइडचे चित्र १२८० × ७२० ठिपक्यांचे होते.

तिसरा टप्पा म्हणजे खरी कसोटी. चाफा नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो चित्र घेतो आणि अक्षरांच्या घरांत बसवतो. पूर्वीचे असे प्रोग्रॅम गडद जागी ‘अॅट’ची खूण, फिकट जागी टिंब, अशी इंग्रजी अक्षरे पेरीत. चाफाची युक्ती अधिक चांगली. पडद्याच्या साच्यांत एक अर्धा ठोकळा असतो : घराचा वरचा अर्धा भाग भरलेला, खालचा मोकळा. त्या ठोकळ्याला एक रंग आणि मागच्या भूमीला दुसरा रंग दिला, की एका घरात वर-खाली दोन ठिपके मिळतात. २५ ओळींचे ५० थर होतात. रुंद स्लाइड त्यात ८० × ४५ अशी बसते.

आता हिशेब करू, कारण तेवढाच मला येतो. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. ८० गुणिले ४५ म्हणजे ३,६००. भागाकार बरोबर २५६. दोनशे छप्पन ठिपक्यांच्या जागी एक ठिपका! स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. ती ४५ थरांत वाटली तर एका थराला १२ पॉइंट. आमचा मजकूर २८ पॉइंटचा. म्हणजे रफार, वेलांटी, उकार यांसकट आख्खे अक्षर जेमतेम सव्वादोन थरांत! पहिली स्लाइड पडद्यावर आली तेव्हा वर एक पांढरा पट्टा, खाली दोन राखाडी पट्टे आणि कोपऱ्यात कॉलेजच्या बोधचिन्हाचा डाग, एवढेच दिसले.

त्यातही चित्र उभट दिसत होते. दादाने प्रथम दुसराच एक प्रोग्रॅम लावून पाहिला होता, त्याने एका घराला एक चौरस ठिपका मानले होते. बोधचिन्हातले वर्तुळ लांबट झालेले पाहून डिझाइनवाले काका मागून हसले. ते रोज सांजेला दिवा लावायला येत. म्हणाले, ‘‘दीकरा, हे तर आमचं रोजचं. बुट्टा गोल काढला आणि कापडावर अंडं विणलं गेलं!’’

काकांनी मग जे सांगितले ते मला पुस्तकात सापडले नसते. जेकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढीत. आता संगणकावर काढतात, पण चौकटी त्याच. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याचा एक धागा. पण कापडात इंचाला ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे असतात असे नाही. म्हणून चौकट चौरस धरून चालत नाही. कापडाच्या प्रमाणात ती रुंद किंवा उंच धरावी लागते. टर्मिनलचे घरही रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच. अर्धा ठोकळा वापरला की ठिपका जवळपास चौरस होतो आणि अंड्याचे पुन्हा वर्तुळ होते. काकांनी आणखी एक विचारले, ‘‘तुझ्याकडे हुक किती?’’ हुक म्हणजे जेकार्डमध्ये धागे उचलणारी आकडी. किती हुक आहेत त्यावर नक्षी किती बारीक काढायची ते ठरते. मी म्हणालो, ‘‘ऐंशी.’’ काका म्हणाले, ‘‘ऐंशी हुकांत आख्खा पदर विणायला निघालास? तुकडे कर.’’

तुकडे केले. इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम चित्राचे हवे तेवढे समान भाग पाडून देतो. आम्ही प्रत्येक स्लाइडचे आडवे चार आणि उभे चार, असे सोळा भाग केले. त्यासाठी दुसऱ्या टप्प्यात जाऊन चित्रही मोठे काढले. आता २८ पॉइंटच्या अक्षराला नऊ थर मिळाले. त्यातले दोन-तीन वरच्या मात्रेला, दोन खालच्या उकाराला, म्हणजे अक्षराच्या धडाला चार-पाच. ११ स्लाइडांचे १७६ पडदे झाले. एक धडा येथेच मिळाला. आमच्या गटातल्या कलाप्रेमी मित्राने स्लाइडांना निळ्यातून जांभळ्यात विरघळणारी पार्श्वभूमी दिली होती. काळ्या पडद्यावर अक्षरे त्या विरघळण्यात बुडाली. चित्र आधी निव्वळ काळे-पांढरे करून घेतले तेव्हा कुठे अक्षरांना कडा आल्या. फोटोला छटा लागतात, अक्षराला कडा लागते. छटा दाखवण्यासाठी हे प्रोग्रॅम जे ठिपके शिंपडतात, ते अक्षरांच्या वेळी बंदच ठेवावेत.

तरीही वाचन म्हणजे शिलालेख लावण्याचाच प्रकार होता. ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक शिरोरेषेजवळच्या एका लहानशा वळणाचा, तो ठिपक्यात मरतो. ‘खर्च’चा रफार उडून ‘खच’ उरला. ‘भागधारक’ हा शब्द मी चक्क ‘मागधारक’ असा वाचला आणि लूमच्या विषयात तो इतका चपखल बसला, की दोन पानांपर्यंत शंका आली नाही. कन्नडचे तर बोलायलाच नको. तिथली गोलाई हीच तिची शोभा, आणि प, ष, व या तिघांची अंगकाठी एकच. शिवाय खाली बसलेली व्यंजने दुसऱ्या तुकड्यात कापली जात. शेवटी तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कापले तेव्हा ती सापडली.

आता मूळ मुद्द्याची गोष्ट. सातव्या स्लाइडवर खर्चाचा तक्ता होता. कारखाना काल्पनिक, आकडे आम्हीच उदाहरणासाठी धरलेले. शंभर रुपयांच्या विक्रीत कशाला किती जाते, एवढेच दाखवायचे होते. मी पडद्यावरून वहीत उतरवले : सूत ६२, वीज ८, मजुरी ११, किरकोळ ६. त्या अकराच्या आकड्यावर मी भाषणाचा मोठा परिच्छेद उभारला. मजुरी इतकी थोडी असल्यामुळे कारखान्याला बरा नफा राहतो, असा त्याचा आशय. रात्री घरी तो मोठ्याने वाचून दाखवला. वडील जेवत होते. हात थांबला.

‘‘शंभरातले अकरा मजुरीला? कुठला कारखाना रे हा?’’

‘‘उदाहरणातला आहे बाबा. खरा नाही.’’

‘‘मग उदाहरणातल्या माणसाला पोट नसतं का?’’

मला उत्तर सुचले नाही. वही उघडून बसलो. चारही रकमांची बेरीज ८७ येत होती. तक्त्याखालची एकूण रक्कम मात्र ९५ उतरवलेली होती. फरक ८. पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी शिकवले होते, की तेरीज जुळली नाही आणि फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. ८ ला ९ ने भाग जात नाही. पण ८ म्हणजे नऊ वजा एक. मराठी १ आणि ९ समोरासमोर धरून पाहा. दोघांचे डोके वाटोळे, दोघांची शेपटी खाली. फरक डोक्याजवळच्या एका वळणाचा. इंग्रजी आकडे असते तर 1 आणि 9 यांत असा गोंधळ झाला नसता. त्यांचे घोटाळे वेगळे, तीन आणि आठ यांचे.

दुसऱ्या दिवशी वडीलही माझ्याबरोबर दुकानात आले. कारखाना बंदच होता. मी तो तुकडा पडद्यावर आणला आणि नाक लावून पाहू लागलो. ठोकळेच ठोकळे. वडील मात्र दारातूनच म्हणाले, ‘‘एकोणीस आहे ते.’’ मी म्हणालो, इतक्या लांबून कसे दिसले? ते म्हणाले, ‘‘लांबूनच दिसतं. विणताना जवळून नुसते धागे दिसतात. बुट्टा बघायचा तर चार पावलं मागं जायचं.’’

मी चार पावले मागे गेलो. डोळे किंचित मिटले. एकोणीस!

ही नुसती कारागिराची हातचलाखी नव्हे. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या लिऑन हार्मन याने अब्राहम लिंकनचे चित्र अगदी थोड्या मोठ्या चौकोनांत बसवून दाखवले होते. जवळून ते चौकोनांचे ठिगळ वाटते, दूर गेले किंवा डोळे बारीक केले की लिंकनचा चेहरा दिसतो. चौकोनांच्या धारदार कडा डोळ्याला चकवतात. अंतरामुळे त्या कडा बोथट होतात आणि मागचा मोठा आकार वर येतो. टर्मिनलवर चित्र पाहणाऱ्याने खुर्ची मागे सरकवून पाहावी, हे मला कोणत्याही प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात आढळले नाही.

पण हिशेबाच्या विद्यार्थ्याने डोळे मिचकावून वाचलेल्या आकड्यावर सही करू नये, म्हणून खातरजमा केली. मजकुराच्या फाइलीत आकडा सापडला असता तर प्रश्नच नव्हता. युनिकोडमध्ये १ चा संकेत ०९६७ आणि ९ चा ०९६एफ आहे. पडद्याला अक्षर दाखवता आले नाही तरी संकेतांक दाखवता येतोच. पण तो तक्ता मजकूर नव्हताच! गटातल्या कोणीतरी हिशेबाच्या पानाचे छायाचित्र काढून ते स्लाइडवर चिकटवले होते. अशी चित्रे गाठोड्यात ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात वेगळी ठेवलेली असतात. ते चित्र थेट तिथून काढले, फक्त मजुरीची ओळ कापली आणि पडदाभर मोठी केली. एका आकड्याला वीसएक थर मिळाले. ९ चे वळण स्वच्छ उमटले. सूत ६२, वीज ८, मजुरी १९, किरकोळ ६, एकूण ९५. राहिले ५. माझ्या भाषणातला तेरा रुपयांचा नफा एका वळणासरशी पाचावर आला आणि तो परिच्छेद मुळापासून पुन्हा लिहावा लागला.

ज्यांच्याकडे धडधाकट संगणक आहे आणि टर्मिनल फक्त दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी उघडतात, त्यांना एवढा खटाटोप नको. त्यांच्या खिडकीत घरे जास्त असतात. ब्रेल लिपीचे ठिपके वापरून एका घरात आठ ठिपके बसवता येतात, म्हणजे ८० घरांच्या ओळीत १६०. डीईसी कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या टर्मिनलांत आणलेली सिक्सेल पद्धत आज पुन्हा वापरात आली आहे. तीत सहा-सहा ठिपक्यांच्या उभ्या पट्ट्यांनी खरेखुरे चित्र टर्मिनलमध्ये येते. कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलची चित्रे दाखवण्याची स्वतंत्र पद्धत आहे. चाफाला या दोन्ही येतात. समोरचे टर्मिनल काय पेलते ते पाहून तो बहुधा आपणच निवड करतो. अशा टर्मिनलवर आमची सातवी स्लाइड मी नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिली. निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीसकट छान दिसली आणि तीन रात्रींचा विचार करून थोडा रागही आला.

तिसऱ्या रात्री भाषण पुरे झाले. निघण्याआधी दादाच्या मदतीने सातव्या स्लाइडवरचे चिकटवलेले चित्र काढून त्या जागी खरा तक्ता टंकला, आकडे ४० पॉइंटचे केले आणि पार्श्वभूमी पांढरी. पडद्यावर पुन्हा सोळा तुकडे करून पाहिले, आणि या वेळी १९ खुर्चीत बसल्याबसल्या वाचता आला. वडिलांनी भाषण पुन्हा वाचायला लावले. एकोणिसाच्या वाक्यावर ते काही बोलले नाहीत, जेवत राहिले.